चकण्यासकट आठ

आमच्या माणसांना कोणी चकण्याशिवाय वाइन पाजून दाखवली, तर मी दुकान बंद करायला तयार आहे. अमेरिकेतल्या कॅरी गावात एक ड्रायक्लीनर आणि एक नेल सलून यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात माझं वाइनचं दुकान आहे. प्रत्येक बाटलीखाली मी हाताने लिहिलेलं कार्ड असतं. त्यावर दहापैकी दोन मार्क: नुसती प्यायली तर किती आणि चकण्यासकट किती.

हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. गॅस स्टेशनच्या गल्ल्यावर उभं राहून मी हे दुकान उभं केलं. कोर्सला वेळ कुठे होता? पण गिऱ्हाईक घरी जाऊन बाटलीबरोबर काय खातं, ते मला ठाऊक होतं. मसाला शेंगदाणे, तिखट शेव, कांदा-लिंबू, आणि आम्हा नागपूरकरांकडे वरून ठेचा. तिखटावर तुरट वाइन घेतली की जिभेवर निखारा ठेवल्यासारखं होतं. मोठमोठ्या परीक्षकांनी डोक्यावर घेतलेली वाइन आमच्या टेबलावर नापास होते.

चिलीतल्या एका कुटुंबाची स्वस्तातली रेड मात्र पास झाली. कार्मेनेर नावाच्या द्राक्षाची, मऊ, कमी तुरट. चकण्यासकट आठ. माझ्याकडे आठ म्हणजे पुष्कळ. नऊ मी अजून कोणाला दिलेले नाहीत. दोन वर्षं ती मी माझ्या तोंडाने विकली. ती पुरवणारा डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन, गोरा आणि सदा हसरा, माझ्या शेंगदाण्यांच्या मार्कांची थट्टा करायचा. मग एक दिवस हायवेपलीकडच्या मोठ्या चेन स्टोअरमध्ये तीच रेड दिसली. मला ज्या भावात मिळते त्याहून कमी भावात. बाटलीच्या गळ्यात छापील पट्टी: तिखट जेवणाबरोबर, दहापैकी आठ.

मी फोनवर त्याचा उद्धार केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कारण त्याला घाई नव्हती. इथल्या कायद्याने दुकानदाराला वायनरीकडून थेट माल घेता येत नाही, डिस्ट्रिब्युटरमार्फतच घ्यावा लागतो. आणि ही वाइन आमच्या भागात फक्त त्याच्याच कंपनीकडे. त्याच्याशी भांडून मी जाणार कुठे? भाव पाडायचा तर उठून चालायला लागता आलं पाहिजे. मला उठताच येत नव्हतं.

यंदा त्याच चिलीच्या कुटुंबाची नवी रेड आली तेव्हा तो म्हणाला, शनिवारी दुकानात टेस्टिंग ठेवू, तुझे मार्क ऐकायचेत. ते कशासाठी हवेत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. नमुन्याची बाटली मी आधीच घरी उघडली होती. नवी रेड लाकडी पिंपात जास्त मुरवलेली होती. वासाला झकास, पण ठेच्यावर जाळ. चकण्यासकट चार, तेही दयेने. माझा बेत ठरला: तोंड भरून नऊ द्यायचे. त्याने चेन स्टोअरभर नऊच्या पट्ट्या लावाव्यात, लोकांची तोंडं पोळावीत, आणि त्याचा माल तिथेच पडून राहावा. नवरा म्हणाला, "पट्टी त्याची असली तरी जीभ तुझी आहे." मी त्याला गप्प बसवलं.

शनिवारी सेल्समन एकटा आला नाही. बरोबर एक बाई होती, माझ्याच वयाची, उन्हाने रापलेली. वायनरीच्या मालकाची मुलगी. वडील आता प्रवास करत नाहीत, पण तुमच्या मार्कांबद्दल त्यांना कळलंय आणि यंदाची कशी झालीय ते तुमच्याकडून विचारून यायला सांगितलंय, असं ती म्हणाली. दर शनिवारी येणारे एक निवृत्त काका शेंगदाण्यांची वाटी पुढ्यात घेऊन आधीच बसलेले. पुण्यातल्या बँकेत आयुष्य घालवलेला माणूस, फुकट टेस्टिंग कधी चुकवत नाही.

मी गल्ल्यामागे. समोर ती, शेजारी काका, दाराशी हसत उभा तो. माझ्याच दुकानात मला बाहेर पडायला वाट नव्हती. नऊ म्हटलं तर वर्षभराची चूक तिच्या म्हाताऱ्या बापाला बरोबर वाटणार आणि पुढच्या वर्षीही तो तेच करणार. चार म्हटलं तर त्या सेल्समनला फुकटात शहाणं करून सोडायचं. काकांनी ठेचा लावलेला दाणा खाल्ला, घोट घेतला आणि डोळे पुसले. "ताई, ही नऊची नाही हं," ते मराठीत म्हणाले. माझं तोंड अजून उघडलंही नव्हतं. नऊ त्यांच्या कानावर कसे गेले, ते मी घरी जाऊन नवऱ्याला विचारणार होते.

"चार," मी म्हटलं.

सेल्समनचं हसू जरा आखडलं. ती बाई मात्र वाटीतून दाणे घेऊन चघळू लागली, मग घोट घेतला. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. घरी आमच्या जेवणातही मिरची-कोथिंबिरीची चटणी असते, ती म्हणाली, आणि त्यावर आम्ही ही रेड पीत नाही. जास्त लाकूड हवं हा आग्रह यांच्या कंपनीचा. मग तिने त्याला गाडीतली व्हाइट आणायला सांगितलं. सगळ्यात स्वस्त म्हणून त्याने ती डिकीतच ठेवली होती.

व्हाइट थंड, लिंबासारखी चटपटीत. ठेच्यावर गेली आणि जिभेला पुन्हा हुशारी आली. काकांनी न विचारता पेला पुढे केला.

"आठ," माझ्या तोंडून निघून गेलं.

लगेच मी तिच्याशी सौद्याला बसले. ही फक्त मला द्या, हवी तेवढी उचलते. तिने पेला गल्ल्यावर ठेवला.

"अमेरिकेत आम्हाला दार एकच आहे," ती म्हणाली, "आणि त्याची किल्ली यांच्या कंपनीकडे आहे."

त्याने तेव्हा घड्याळ बघितलं. मला राग आला, पण तिच्यावर काढता आला नाही, आणि त्याच्यावर काढून उपयोग नव्हता.

महिना झाला असेल. काका दुकानात आले, हातात चेन स्टोअरची पिशवी. तिच्यातून तीच व्हाइट बाहेर काढली. गळ्यात पट्टी, तिखट जेवणाबरोबर, दहापैकी आठ. माझ्या फळीवर तीच बाटली होती, दोन डॉलर महाग.

"तिकडे स्वस्त होती," ते जराही न ओशाळता म्हणाले. "पण म्हटलं, हे आठ तुमचेच ना? छापलेल्याचा काय भरवसा."

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एका शब्दात ती बाटली परत गेली असती आणि काका माझ्याकडची घेऊन गेले असते. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मागे फळीवर माझ्याच अक्षरातलं कार्ड होतं.

"माझेच आहेत, काका," मी म्हटलं. "चकण्यासकट."

ते समाधानाने बाटली पिशवीत घालून निघाले. दारातून वळून म्हणाले, शनिवारी काय उघडताय?