वाटेवरचा शेंदूर

शेंदूर फासलेला दगड घासून काढला की अंधश्रद्धा संपते, असं तुम्हालाही वाटतं का?

मला वाटायचं. आमच्या घरी वडिलांनी छापून आणलेल्या पत्रकांचे गठ्ठे असत. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. सोळाव्या वर्षी मी स्वतःचं पत्रक लिहिलं, आत्याच्या गावात घरोघर वाटलं आणि तिच्या शेताच्या वाटेवरचा शेंदरी दगड सगळ्यांसमोर विटेनं घासला. शेंदराखाली झिजलेले चंद्र-सूर्य निघाले. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही.

या माघात आत्याबरोबर पुन्हा त्या वाटेनं निघाले. तिचं गाव निफाडच्या पुढे, सपाट रान संपून टेकड्या लागतात तिथे. शेत जंगलाला लागून आहे. त्यातली विहीर तिच्या सासऱ्यांच्या आजोबांनी खणली, कारण गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. बौद्ध वस्तीपासून तिथे जायला पूर्वी वीस मिनिटं लागत.

वस्ती मागे पडली तसा दोन्ही बाजूंना कांदा लागला. मग द्राक्षबाग आली, घड कागदात गुंडाळलेले, आणि वाट तारेच्या कुंपणाला जाऊन थांबली. पलीकडे बागायतदार उभा होता.

"या ताई! यंदा पत्रक नाय आणलं?"

"इथला दगड कुठे आहे?" मी विचारलं.

"काढला. देव व्हता तवर ट्रॅक्टर वळवून घ्यायचो. तुमीच लिहिलं, नुसता दगड हाय. पटलं आपल्याला."

"आणि वाट?"

"कोणती वाट?" तो हसला. आत्याकडे वळून म्हणाला, "मामी, किती दिवस कांदा डोक्यावर वाहणार? देऊन टाका मला ते रान."

आत्या पदर खोचून निघाली. कुंपणाच्या कडेनं उजवीकडे वळली. तिथून जंगलातून वळसा पडतो, चांगला तासाभराचा. सागाची वाळकी पानं पायाखाली वाजत होती, पळसाला नुकत्या कळ्या धरल्या होत्या. ट्रॅक्टर इथून येऊच शकत नाही. कांदा पाटीत भरून डोक्यावर आणावा लागतो आणि आत्याचा गुडघा आता चढाला साथ देत नाही. पुढच्या हंगामापर्यंत वाट मोकळी झाली नाही तर ती शेत त्यालाच देणार आहे. विहिरीसकट.

चढावर ती दम खायला बसली तेव्हा मी म्हणाले, "गावानं तो शेंदूर पुन्हा लावला असता तर बरं झालं असतं."

"गाव कशाला लावंल? मीच फासायचे. दर दिवाळीला, तेलात कालवून."

"तू? तू तर देव मानत नाहीस."

"मी नाय मानत. त्याचा नांगर मानायचा ना! तू समद्यांसमोर घासलास, मग पुन्हा फासून कोण भ्यालं असतं?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू हात वर करून भाषण देत होतीस, शाणे. मधी कुणाला बोलू दिलंस? अन् तू बोलत होतीस ते काय खोटं नव्हतं."

पुढे मला कळलं की जमीन इनाम दिली की हद्दीवर असा दगड रोवत: चंद्र-सूर्य आहेत तोवर ही हद्द मोडू नये. म्हणजे मी घासला तो दगड देव नव्हता, पण हद्दीचा आणि तिच्यावरून जाणाऱ्या वाटेचा पुरावा होता.

दगड देव नाही, हे मी आजही म्हणेन. मात्र आता गावनकाशाची नक्कल काढली आहे. त्यात कुंपणाच्या जागी तुटक रेघांची जोडी आहे: गाडीवाट. तहसीलला अर्ज दिला आहे, पाहणी व्हायची आहे. अधिकारी विचारतील, या वाटेनं कोण चालत होतं? चालत सगळेच होते. बागायतदारासमोर सांगायला अजून दोघीच तयार आहेत, आत्या आणि तिची जाऊ.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. आपल्या गावच्या नकाशाची नक्कल काढा आणि त्यातली एक तरी वाट गावातल्या सर्वांत जुन्या बाईबरोबर चालून या. वाटेत शेंदूर लावलेला दगड दिसला तर आधी तिला विचारा, हा कुणी लावला आणि कशासाठी. ती सांगेल ते तिथेच लिहून घ्या, आणि खाली तिची सही घ्या.