रिग्गईतले एसीवाले

कुवेतमधल्या रिग्गईतल्या आमच्या इमारतीचे एसी दुरुस्त करणारे गृहस्थ राजापूरकडचे. काढलेले स्क्रू ओठांत धरून ते बोलत राहतात, आणि बहुतेक वेळा स्कॉटलंडबद्दल. मीना अल-अहमदीच्या तेल रिफायनरीत त्यांचा साहेब स्कॉटिश होता. त्याने सांगितलेलं सगळं यांना पाठ आहे.

"टेलिफोन त्यांचा, पेनिसिलिन त्यांचं. आणि वैनी, हवा गार नसताना बर्फ तयार केला तोसुद्धा तिथल्याच एका डॉक्टरनं! इथर उडवला त्यानं. उडताना उष्णता घेऊन जातो, बस. आमचं पोट त्याच्यावरच चाललंय."

या ऑगस्टमध्ये भर दुपारी आमचा एसी बंद पडला. भारतातून आलेल्या माझ्या सासऱ्यांचं अंग उकाड्याने तापलं आणि ते काहीबाही बरळायला लागले. मी अँब्युलन्सला फोन करत होते, तेवढ्यात आधीच बोलावलेले एसीवाले पोचले. त्यांनी सासऱ्यांचा सदरा काढला, अंगावर ओली चादर टाकली, टेबलफॅन लावला आणि चादर सुकेल तशी भिजवत राहिले.

"पाणी उडतंय ना, आबांचा ताप घेऊन जातंय."

"अहो, पण एसी?" मला रडू फुटत होतं.

"मशीनला थांबता येतं."

अँब्युलन्स आली तोवर सासऱ्यांनी मला नावाने हाक मारली होती. वेळेवर गार केलंत म्हणून वाचले, असं त्या लोकांनी सांगितलं. मी वळून पाहिलं, तर एसीवाले गुडघ्यांवर बसून फरशीवरचं पाणी पुसत होते. मी त्यांच्या हातातलं फडकं घ्यायला वाकले.

"तुम्ही जावा आबांबरोबर," ते म्हणाले. "परत याल तोवर घर गार करून ठेवतो."