मातीत उतरण्याआधी

ऐंशी सालाच्या आसपास मी पंचवटीतल्या एका तालमीत जायचो. ओझरच्या कारखान्यात कामाला असलेला एक माणूस रोज संध्याकाळी तिथे यायचा. स्वतः कुस्ती खेळायचा नाही. मातीत उतरणाऱ्या प्रत्येकाला उजेडाकडे वळवून मान, काखा, गुडघे तपासायचा. आम्हाला त्याचा वैताग यायचा, पण वस्ताद त्याला अडवत नसत.

एकदा माझ्या मांडीवर गळू झालं. कुस्ती चार दिवसांवर आलेली. सगळे करायचे तसंच मी घरातली उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून तिची पूड त्यावर भुरभुरली आणि वरून लांब चड्डी चढवली. त्यानं चालण्यावरूनच ओळखलं.

"पूड टाकली ना?"

मी मान डोलावली.

"मीबी टाकायचो. दोन दिसात सुकायचं. मग माझाच टॉवेल जोडीदारानं वापरला, त्याला तसंच गळू झालं. डॉक्टरनं त्याच औषधाची गोळी दिली, मग सुया दिल्या. कशालाच दाद नाय. डॉक्टर म्हनला, असल्या अर्धवट औषधानं जंतू निबर होत्यात." त्यानं खुंटीकडे पाहिलं. "माझं बरं झालं."

जोडीदाराचं काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यानं खुंटीवरचा माझा टॉवेल दोन बोटांनी काढून माझ्या हातात दिला. "हा उकळून घे. डॉक्टरला दाखव, अन् देतील तेवढ्या गोळ्या पुऱ्या खा."

मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काल त्या टॉवेलानं कोणी कोणी अंग पुसलं होतं, ते मला आठवत नव्हतं. त्याला तसं सांगितलं. मातीत उतरलेल्या सगळ्यांना त्यानं पुन्हा वर बोलावलं.