सुभेदारांच्या सुरीवरचा नंबर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बापा, कारण किस्सा संपेपर्यंत मीच पदराआड गेलेली असेन!

लग्नाला पाच महिने झालेत. बालाघाटात माझ्या सासरी सुऱ्या बनतात. साध्यासुध्या नाहीत! लष्कराचे जुने ट्रक भंगारात निघाले की त्यांच्या चाकांवरचे कमानपाटे जबलपूरहून आमच्या अंगणात येतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ते भट्टीत लाल करतात आणि हे घण घालतात. 'हे' कोण, ते समजलंच असेल.

मी कटंगीची. तोंडातून शब्द काढायला मला मुहूर्त लागतो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या येईल त्याला सांगतात, "आमची सून लय शांत. तिच्या पोटातलं काई समजतच नाही." हे वाक्य लक्षात असू द्या.

माझा पहिला दसरा. मामाजी सकाळीच म्हणाले, "सूनबाई, आज भट्टी बंद. सारे हत्यारं घासून पुजेत मांड." आणि बापलेक झेंडूची फुलं आणायला मोटरसायकलवरून गेले.

नवी सून, पहिलं काम. मग काय विचारता! चिंच, राख, नारळाची शेंडी घेऊन बसले. हातोडे घासले, सांडश्या घासल्या. घण तर असा घासला की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं! शेवटी एक सुरी हाती आली. पातं झकास, पण मूठ? मळकट हिरवा रंग, त्यावर पुसट पांढरे आकडे. इतकी घाण कशी काय राहिली? घास घास घासली. चांदीसारखी झाली.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. "सुभेदार साहेबाची सुरी मांडली काय व? येऊन राह्यले ते न्यायले."

"कोणती?"

"अवं, हिरव्या मुठीची! ते फौजेत जो ट्रक चालवत होते ना, त्याचाच पाटा सापडला भंगारात. नंबरावरून वयखला. रंग जळू नये म्हनून तुह्या मामाजीनं पाट्याचं ते नंबराचं टोक भट्टीत जाऊच देलं नाही, त्याचीच मूठ केली. म्हातारा पोराटोरासारखा रडला होता तो नंबर पाहून!"

माझ्या हातातली शेंडी गळाली. "मांडते," एवढंच म्हणाले. शांत सून ना मी!

म्हाताऱ्या माणसाची सगळी नोकरी मी चिंचेनं धुऊन टाकली होती.

लग्नात दाराला मारलेला पोपटी रंग उरला होता. त्यात भट्टीची काजळी कालवली. थेट फौजी हिरवा! मूठ रंगवली, भात्याचा पंखा गरगरा फिरवून वाळवली. आकड्यांसाठी माझी पांढरी नेलपॉलिश. पण आकडे कोणते? चार होते, एवढंच आठवत होतं. डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि काय सांगू, चार आकडे लख्ख समोर उभे राहिले! देवच पावला. लिहून टाकले.

बापलेक परतले. मोटरसायकल धुतली, तिला हार घातला. सुभेदार काका आले. सुरी हातात घेतली, चष्मा लावला. बराच वेळ पाहत राहिले.

"रंग त बेस हाय," ते म्हणाले, "पन हा नंबर माह्या गाडीचा नाही."

"नाही कसा?" मामाजींनी सुरी घेतली. वाचली. पुन्हा वाचली. मग हळूच अंगणाकडे पाहिलं. आत्याबाई उठल्या आणि त्यांनी मोटरसायकलच्या पाटीवरचा हार बाजूला सारला.

तेच चार आकडे!

आता काहून, ते सांगावंच लागेल. साखरपुड्यानंतर हे दर रविवारी कटंगीला यायचे. मी माडीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या एकूण एक गाडीची पाटी वाचायची. चार महिने! दुसरा कोणता नंबर माझ्या डोक्यात राहणार होता?

ह्यांचे कान लाल झाले. भट्टी बंद असताना!

मी रडत रडत सगळं कबूल केलं. काका मात्र पोट धरून हसले. "रडू नको, पोरी! अफसर पाहनीले येनार म्हनलं का आमीबी घाईघाईनं गाडीले असाच रंग फासत होतो. फक्त नंबर आमचाच टाकत होतो! आन इकडं तुही ती शिशी."

आणि मोठ्या मिशांचा तो फौजी माणूस माझी नेलपॉलिश घेऊन ओट्यावर बसला. माझे आकडे पुसले आणि जीभ दातांत धरून आपल्या हातानं आपला नंबर लिहिला. कुठं लिहिलेलं न पाहता. त्यांनाही पाठच होता.

सुरी गेली. पण आत्याबाईंनी आता आपलं वाक्य बदललंय. येईल त्याला सांगतात, "आमची सून लय शांत. बोलत नाही, लिहून दाखवते!"