वेस्लीची पहिली अशील

डेल्फीन रकरशी माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या इमारतीत तिचं कोणाशीच पटत नसे. मी समोरच्या दारात राहणारी, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्त आलं. माझ्या केराच्या पिशव्या, माझा रेडिओ, माझा जावई, सगळ्यांबद्दल तिचं मत असे आणि ते ती जिन्यात उभी राहून सांगे. जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. मागच्या बाकावरच्या पोरापर्यंत आवाज पोचवायची सवय घरी आल्यावर थोडीच सुटते. नवरा केव्हाच पळून गेला होता, आणि त्याबद्दल इमारतीत त्याला कोणी नावं ठेवत नाही.

जानेवारीत सगळी इमारत गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. आमचा मॅनेजर क्रेंडल रोज ‘पार्ट मागवलाय’ एवढंच सांगायचा. आम्ही अंगात कोट घालून जेवत होतो. डेल्फीनने महापालिकेकडे तक्रार केली, तरी ढिम्म काही हलेना. मग एका सकाळी क्रेंडल बॉयलरच्या तळघरात उतरला तशी तिने बाहेरून कडी घातली.

“ऊब आली की कडी निघेल,” ती दारातून म्हणाली.

दुपारपर्यंत रेडिएटर गरम झाले. आम्ही सगळे मनातून खूश होतो, पण तिला तसं सांगायला एकही माणूस गेला नाही. पुढच्याच आठवड्यात क्रेंडलने तिला घर खाली करायची नोटीस दिली. कारण काय, तर उपद्रवी भाडेकरू.

वकील परवडणार नव्हता, म्हणून ती लॉ कॉलेजच्या क्लिनिकमध्ये गेली. तिथे गरिबांच्या खऱ्या केस विद्यार्थी लढवतात आणि प्राध्यापक शेजारी बसून बघतात. बॉयलरबद्दल साक्ष द्यायला मी हवी होते, म्हणून मलाही जावं लागलं. तिच्या वाट्याला वेस्ली थॉर्न नावाचा मुलगा आला. त्याची ही पहिलीच केस. हात पुढे करून तो म्हणाला, “हाय डेल्फीन.”

“आजीला नावाने हाक मारतोस का रे तू?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग मी मिसेस रकर.”

पोराचे कान लाल झाले. मला बरं वाटलं.

प्राध्यापिका हॅलोरन म्हणजे आणखीच मजा. त्या बाईंची पद्धत अशी, की आपण काही सांगायचं नाही. डेल्फीनने त्यांना सरळ विचारलं, “बाई, माझं घर राहील का?”

त्या वेस्लीकडे वळल्या. “वेस्ली, तुला काय वाटतं?”

“मी त्याला नाही विचारलं. तुम्हाला विचारलं.”

“मिसेस रकर, मी उत्तर दिलं तर तो शिकणार कसा? उत्तर त्याचं त्यालाच सापडायला हवं.”

“सापडू दे की. माझ्या घरात कशाला शोधतोय?”

बाई हसल्या. मला त्या हसण्याचा राग आला आणि अजून येतो.

सुनावणीच्या आधी कॉलेजात रंगीत तालीम झाली. एक मुलगी काळा झगा घालून न्यायाधीश झाली. वेस्लीने सगळे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, “मिसेस रकर, पुन्हा असा प्रसंग आला तर तुम्ही कडी घालाल?” डेल्फीनने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, “नाही.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला.

कोर्टात न्यायाधीशांनी आधी तिला विचारलं, विद्यार्थ्याने तुमची बाजू मांडलेली चालेल का? “दुसरं आहे कोण?” ती म्हणाली. मग तिने उजवा हात वर करून शपथ घेतली.

खरं तर केस आमच्या हातात होती. मी बॉयलरचं सांगितलं. वेस्लीने दाखवून दिलं, की महापालिकेकडे तक्रार आधी गेली आणि नोटीस नंतर आली, म्हणजे क्रेंडलने सूड उगवला, आणि सुडापोटी दिलेली नोटीस कायद्यात बसत नाही. न्यायाधीश मान डोलावत होते. क्रेंडलचा वकील कागद चाळत बसला होता. वेस्लीने तिथेच खाली बसायला हवं होतं.

“एक शेवटचा प्रश्न,” तो म्हणाला.

मी मागच्या बाकावर होते. हॅलोरनबाईंचं पेन थांबलेलं मला दिसलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना कळलं होतं. नुसता त्याचा कोट ओढला असता तरी भागलं असतं. पण ओढला नाही. त्याला शिकायचं होतं ना.

“पुन्हा असा प्रसंग आला तर तुम्ही कडी घालाल?”

डेल्फीनने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, “शपथ घेतलीय. त्याने पुन्हा थंडीत आमची ऊब तोडली, तर पुन्हा घालीन.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. ही बाई शपथेवर सांगतेय की माणसाला पुन्हा कोंडीन, तेव्हा तिला त्या इमारतीत मी ठेवू शकत नाही, असं ते म्हणाले. क्रेंडल कोर्टातच हसला. घर गेलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वेस्ली भिंतीला टेकून उभा होता. “पण कॉलेजात तुम्ही नाही म्हणाला होतात.”

“तिथे शपथ कुठे होती? तुम्ही नाटक करत होता, मीही केलं.”

हॅलोरनबाई आल्या. त्यांनी वेस्लीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दोघी तिथे नाहीच असं समजून विचारलं, “बोल, पुढच्या वेळी काय वेगळं करशील?”

त्याने डोळे पुसले, थोडा विचार केला. “तालमीतसुद्धा शपथ घ्यायला लावीन. आणि शेवटचा प्रश्न विचारणार नाही.”

“छान,” बाई म्हणाल्या. “हे तू आता कधी विसरणार नाहीस.”

डेल्फीन कोटाची बटणं लावत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज मला नीट ऐकू आला नाही, मला जवळ सरकावं लागलं.

“त्याला पुढची वेळ आहे, बाई,” ती म्हणत होती. “माझी पुढची वेळ कुठे आहे?”

बाईंनी वेस्लीकडे बघितलं.