पोळं न धरणाऱ्या माश्या

अकोल्याच्या आमच्या अंगणात पूर्वेच्या भिंतीवर मी बांबूच्या नळ्यांची मोळी टांगली होती. नळ्या एका बाजूनं बंद, करंगळी जाईल एवढ्या. एकट्या राहणाऱ्या माश्यांसाठी. त्या पोळं करत नाहीत, त्यांना राणी नाही, फौज नाही. गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कापून नळीत नेतात, अंडी घालतात आणि तोंड बुजवून निघून जातात. "माझ्या गुलाबाची चाळणी झाली अन् घरमालक खूश!" बायको म्हणायची. मी खरंच खूश होतो. नऊ नळ्या बुजल्या होत्या. कोर्टातून आलो की काळा कोट उतरवायच्या आधी मी त्या मोजत असे.

मोठा भाऊ बार्शीटाकळीजवळचं आमचं शेत पाहतो. त्या रविवारी तो तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आला आणि मोळीपुढे थबकला. तेवढ्यात एक माशी पान घेऊन आत शिरली.

"हे काहून पाळलं रे?"

"चावत नाही दादा. एकटीच राहते ही."

"पयले एकटीच येते. मंग पोळं धरते. तुही पोरगी येथंच खेळते ना?"

मी हसलो. हसायला नको होतं. शेतातल्या चिंचेवरच्या आग्यामोहोळानं आमचे बाबा मारले, तेव्हा मी अमरावतीला कायदा शिकत होतो. दादा त्यांच्यासोबत होता. तो कसा वाचला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चहाचं सांगायला आत गेलो आणि बाहेर येतो तर पेट्रोलचा वास. गावाकडे पोळं जाळतात तसा टेंभा त्यानं काठीला चिंधी गुंडाळून केला होता आणि मोळीला लावला होता. नळ्या तडतड फुटत होत्या. बुजलेली तोंडं एकेक करून काळी पडत होती.

भिंतीशी लोखंडी सळई होती. मी ती त्याच्या टेंभ्याच्या हातावर घातली. पहिल्याच घावाला टेंभा पडला. तरी मी आणखी दोनदा मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

"जनावर आहेस तू!" मी ओरडलो.

त्यानं माझ्यावर हात उगारला नाही. रक्ताळलेलं मनगट पोटाशी धरून तो खाली बसला.

"तू होता काय तेथं?" तो म्हणाला. "गोणपाट एकच होतं. मीनं घेतलं अंगावर. बाबा भाईर ओरडून राहिले होते. मीनं ते उचललं नाही."

बायकोनं बादली आणून मोळीवर ओतली. नऊही नळ्यांत राख होती.

डॉक्टरांनी हात जोडून दिला, पण त्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. पोलिसांत तो गेला नाही. डॉक्टरांना त्यानं विहिरीवर घसरलो म्हणून सांगितलं.

यंदा मी नव्या नळ्या टांगल्या. त्यांच्यासाठी बांबू दादाच्याच शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून आला. तो येतो, पण त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही. जेवायला बसला की डावा हात ताटात घालतो, आणि आमच्या घरात त्याला कोणी टोकत नाही.