वेन्याचं गणित खरं ठरलं

पीटर्सबर्गजवळच्या पीटरहॉफमधल्या आमच्या प्रयोगशाळेत रिम्मा सावेल्येव्ना पंप सांभाळायच्या. सकाळपासून भल्यामोठ्या लोखंडी टाकीतली हवा उपसत राहायचं. टाकी रिकामी झाली की झडप उघडायची, आणि बाहेरची हवा नळीतून आवाजाच्या दुप्पट वेगानं आत घुसायची. क्षणभरच. मग पुन्हा उपसा.

त्या क्षणात नळीतल्या अंगठ्याएवढ्या पितळी ठोकळ्यापुढे आम्ही सूक्ष्मलहरींचा झोत सोडायचो. त्यानं हवेतच एक झगझगीत रेघ पेटायची. ठोकळ्यासमोर दाबलेल्या हवेची जी भिंत उभी राहते, ती या रेघेनं मोडते का, ते बघायचं. मोडली तर उद्याच्या विमानांना वाऱ्याचा अडथळा कमी. जाड गोळ्यापेक्षा बारीक, लांब रेघ जास्त काम करेल, हे गणित सावेल्येव्नांच्या मुलाचं, वेन्याचं. तो आमच्यातच शिकला. इथे जागा निघेना, म्हणून कॅनडात हंगामी नोकरीवर गेला.

आमचे प्रमुख इग्नातिच म्हणाले होते, "गणित खरं ठरलं की मंत्रालय जागा देईल. ती वेन्याची." झालं. बाईंनी वेन्याची खोली रंगवून घेतली आणि स्वतःला पंपाला जुंपून घेतलं.

"सावेल्येव्ना, पुरे! पीटर्सबर्गला श्वासापुरती तरी हवा ठेवा," इग्नातिच चिडवायचे.

"तुम्ही आधी उजेड पाडा. ठोकळा सोडून सगळीकडे पेटतो मेला. आमचे हे असेच होते, नेम सोडून सगळीकडे."

अख्खा हिवाळा रेघ वाकडीच पेटली. कुठूनतरी हवा झिरपतेय, असं म्हणत बाई सांधा न् सांधा चाचपत बसायच्या. मार्चमध्ये एका दुपारी ती सरळ पेटली. त्या क्षणी टिपलेल्या फोटोत ठोकळ्यापुढची बोथट भिंत ताणली जाऊन भाल्यासारखी टोकदार झाली होती. इग्नातिचनी रशियन रिवाजाप्रमाणे बाईंच्या गालांचे तीनदा मुके घेतले. मी फोटो लगेच वेन्याला पाठवला. संध्याकाळी बाईंनी प्रयोगशाळेतूनच फोन लावला. आम्ही सगळे भोवती, आणि त्या जुन्या फोनमधून पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"वेन्यूश्का, जागा निघतेय रे! तुझी!"

"आई, फोटो इथे सगळ्यांनी पाहिला. त्याच्यामुळेच... मला आज कायम केलं."

"कायम म्हणजे?"

"कायम म्हणजे कायम, आई. मी हो म्हटलं."

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला काही वेगळं ऐकू येईल.

"रेघ सरळ आली होती ना रे?"

"अगदी सरळ."

"सुरेख झालं मग. जेवलास का?"

बाईंनी फोन ठेवला. माझा मुलगा यंदा भौतिकशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेला बसतोय. घरी जाऊन त्याची पुस्तकं लपवून ठेवावीत, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

इग्नातिच खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एका फोटोवर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रयोग पुन्हा करावा लागेल. तुम्ही नका येऊ उद्या. दुसरं कुणी उपसेल."

"दुसरं कुणी?" बाई कोटाची बटणं लावत होत्या. एक चुकीच्या काजात गेलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. "आणि नाही पेटली सरळ, तर? पोराला खोटं पाडतील तिथे. मी येते सकाळी."